झाकणे आणि लपवणे

सभ्य मंडळीत जिचे नाव काढावयाचे नसते अशा एका गोष्टीविषयी या वेळी लिहावयाचे आहे. वाचकांपैकी कोणी जेवावयास बसता बसता हा अंक हाती घेतला असेल तर त्यांनी तो थोडा वेळ बाजूला ठेवावा. मात्र नंतर अवश्य वाचावा. कारण ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे त्यांना जेवणाच्या वेळीही ती गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत कधी कधी आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवतात. मळ नेहमीच्या वाटेने न जाता तेथून बाहेर पडतो आणि वर चिकटवलेल्या पिशवीत साठतो. डॉक्टर त्या मुखाला स्टोमा म्हणतात. गावात मात्र ‘पोटाला पिशवी लावली’ एवढेच म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत या स्टोमापासून उद्भवणाऱ्या गुंतागुंतींची लांबलचक यादी असते. आमचा प्रश्न त्या यादीविषयीच आहे, परंतु तो वैद्यकाचा नाही. ही गुंतागुंत मांडावयाची कोणाच्या नावे? सर्जनच्या, रोग्याच्या, की आणखी कोणाच्या?

विचार हवेत राहू नये म्हणून एक मुलूख डोळ्यांपुढे धरू. गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेले. घरात कोकणी आणि देवळात, भजनात, वर्तमानपत्रात मराठी असा तेथील पुष्कळ लोकांचा व्यवहार. भात, माड, काजू ही उत्पन्ने. डिचोलीकडे लोखंडाच्या खाणी. येथल्या माणसाचे पोट अवचित दुखू लागले म्हणजे घरची मंडळी आधी ओवा देतात, हिंग लावतात, कोणी पोट चोळून देतो. अशात एक-दोन दिवस जातात. मग पोट फुगते, वांत्या थांबत नाहीत, आणि धावाधाव सुरू होते. आधी गावचे आरोग्य केंद्र, तेथून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, आणि तेथेही भागले नाही तर बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली पणजीस निघालेल्या वैद्यकशाळेचे हे आजचे रूप; १९६३ पासून ते मेडिकल कॉलेज म्हणून चालते. पेडण्याहून किंवा डिचोलीहून ते तीस-चाळीस किलोमीटर पडते. रस्ते सुधारले, पूल झाले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, हे सारे खरे. तरी तेरेखोलच्या माणसाला आजही केरीची फेरीबोट गाठावी लागते, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घ्यावा लागतो. सावंतवाडी-दोडामार्गकडचे रोगीही बांबोळीलाच धावतात. २०१८ च्या आरंभी गोव्याबाहेरच्या रोग्यांना तेथे शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात केवढे आंदोलन झाले ते त्या भागातील वाचकांच्या स्मरणात असेल.

तर असा रोगी मध्यरात्रीच्या सुमारास टेबलावर येतो. कोणाचे आतडे विषमज्वराने किंवा क्षयाने भोक पडून फुटलेले असते, कोणाच्या आतड्याला पीळ पडलेला असतो, कोणाचा अंतर्गळ अडकून आत आतडे कुजलेले असते. कोणाची वाट कर्करोगाच्या गाठीने बंद केलेली असते. कोणी माडावरून पडलेला, कोणी मोटारसायकलवरून. पोट उघडावे तो आत पू आणि मळ पसरलेला. कुजका भाग कापून टाकल्यावर उरलेली दोन टोके तेथल्या तेथे जोडावीत, तर अशा सुजलेल्या, विषारलेल्या जागी सांधा टिकेलच याचा भरवसा नसतो. आणि सांधा सुटला तर माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून सर्जन टोक बाहेर काढून ठेवतो. पुढे अंगात बळ आले, आतली सूज उतरली, म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेने ते पुन्हा आत घालून जोडता येते.

येथे पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो. रोगी शुद्धीत नाही, किंवा असला तरी वेदनेने त्याला काही उमगत नाही. दाराबाहेर सही करतो तो मुलगा, जावई, प्रसंगी शेजारी. ‘जीव वाचवा’ एवढेच त्याला म्हणावयाचे असते. सकाळी जागा होतो तो माणूस आपल्या पोटावर लाल मांसाचा गोळा आणि त्याखाली लटकणारी पिशवी पाहतो. कित्येक जण त्याच क्षणी म्हणतात, ‘याच्यापेक्षा मेलो असतो तर बरे होते.’ मग सर्जनने त्याचा अपराध केला काय?

आम्हांस तसे वाटत नाही. तातडीच्या वेळी डॉक्टर असे गृहीत धरतो की समोरच्या माणसाला जगावयाचे आहे, आणि दुसरे काही गृहीत धरण्याचा त्याला अधिकारही नाही. परंतु दुसऱ्याच्या वतीने गृहीत धरणे म्हणजे त्याच्याकडून उसने घेणे होय. ‘तुला जगावयाचे होते’ असे ज्याने ठरवले, त्याच्यावर ‘ते जगणे जगण्याजोगे करू’ हे ऋण आपोआप चढते. आता हे ऋण फेडावयाचे कोणी? सर्जन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावर उभा असतो. आठ-दहा दिवसांनी रोगी घरी येतो. तेथून पुढे ते ऋण, आम्हांस वाटते, ज्यांनी ज्यांनी त्याच्या जीवासाठी प्रार्थना केली त्या सर्वांवर येते. प्रार्थना हीही एक प्रकारची सहीच आहे, नव्हे काय?

आता ती यादी पाहू. ज्या शस्त्रक्रिया आधी ठरवून होतात त्यांत परिचारिका रोग्याला बसवते, उभे करते, वाकवते, तो धोतर किंवा लुंगी कोठे बांधतो, साडीच्या निऱ्या कोठे खोचल्या जातात ते पाहते आणि मग पोटावर खूण करते. स्टोमा घडीत येऊ नये, हाडाजवळ येऊ नये, आणि रोग्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा अशी ती जागा असते. रात्री दोन वाजता फुगलेल्या पोटावर हे सारे साधत नाही. सूज उतरल्यावर पोट खाली बसते आणि मुख नेमके कातडीच्या वळीत जाते. आतडेही सुजलेले, ताणलेले असते. पुरेसे बाहेर ओढता येत नाही. त्यातून कधी टोकाचा रक्तपुरवठा तुटून ते काळे पडते, कधी मुख आत ओढले जाते, पुढे कधी आक्रसते. काही महिन्यांनी कोणाचे आतडे बाहेर लांब उतरते, कोणाच्या स्टोमाभोवती अंतर्गळाचा फुगवटा येतो. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रकार अधिक होतात याचे कारण सर्जनचा हात वाईट असतो असे मुळीच नाही. वेळच तशी असते. यादीतला हा भाग वैद्यकाचा आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्यावा.

परंतु उरलेला भाग? नित्य आढळणारी पीडा म्हणजे स्टोमाभोवतीची कातडी सोलवटणे. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात अन्न पचवणारे रस असतात, आणि ते कातडीलाही पचवू लागतात. शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आकाराने लहान होत जातो. पिशवीच्या चकतीला पहिल्या दिवशीच्या मापाने पाडलेले भोक मग मोठे पडते, आणि मधली उघडी कातडी भाजल्यासारखी होते. उपाय काय, तर पुन्हा माप घेऊन भोक लहान कापणे. एक कात्री, एक मोजपट्टी आणि शेजारी बसून शिकवणारे कोणीतरी. ही पीडा टेबलावर जन्मत नाही, न्हाणीघरात जन्मते. रोगी कडी लावून, कोणाला न विचारता, जळजळ सोशीत बसतो तेथे.

दुसरी पीडा अधिक धोक्याची. लहान आतड्याच्या स्टोमातून दिवसाला दीड-दोन लिटरपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक पाणी जाऊ शकते, आणि पाण्याबरोबर मीठ जाते. मे महिन्याच्या उकाड्यात असा माणूस तहानेने तांब्यामागून तांब्या नुसते पाणी पितो, आणि तितकेच बाहेर जाते. किंबहुना मिठावाचूनचे पाणी पोटात ओतल्याने शरीरातले मीठ आणखी घटते. शहाळ्यातही मीठ फारसे नसते. अशा वेळी जलसंजीवनी द्यावी लागते आणि डॉक्टरांना कळवावे लागते. मीठ घातलेल्या पेजेचाही आधार होतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरात पेज काही दुर्मिळ नव्हे. परंतु कोणी हे सांगितलेले नसते. त्याच घरात पहिल्या आठवड्यात प्रेमाने ओल्या खोबऱ्याचे तुकडे किंवा फणसाचे गरे पुढे ठेवले जातात, आणि न चावलेला चोथा स्टोमाच्या तोंडाशी अडकतो. यात वाईट हेतू कोणाचाच नाही.

आता आमच्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत सांगतो. बाईंनी शब्बाथ शाळेत वर्षानुवर्षे मुलांना शिकवले होते. आतड्याला पीळ पडून त्यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर त्या दोन रविवार उपासनेला आल्या आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या. मग येईनाशा झाल्या. पाळक भेटावयास गेले तेव्हा पुष्कळ आढेवेढे घेऊन त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, प्रार्थनेच्या वेळी सगळे शांत बसलेले असतात, आणि तेवढ्यात माझं पोट बोलतं.”

स्टोमाला आवळून धरणारा स्नायू नसतो. वायू आला की आवाज होतो, आणि कितीही श्रद्धा असली तरी तो थांबवता येत नाही. पुढे पाळकांनी फारच विनवले म्हणून बाई प्रभुभोजनाच्या रविवारी आल्या. परंतु पिशवी रिकामी राहावी म्हणून शनिवारी दुपारपासून त्यांनी अन्न घेतले नव्हते, पाणीसुद्धा घेतले नव्हते. परतताना बसथांब्यावर त्या भोवळ येऊन पडल्या, आणि चार दिवस रुग्णालयात सलाईनवर राहिल्या. रुग्णालयाच्या कागदावर लिहिले गेले ते शरीरातील पाणी व मीठ कमी झाल्याचे. स्टोमाची गुंतागुंत म्हणूनच ते मोजले जाईल, आणि ते चूकही नाही. पण ती गुंतागुंत कोणत्या जागी निर्माण झाली हे त्या कागदावर लिहावयास रकाना नाही. ती आमच्या बाकांवर निर्माण झाली.

या ठिकाणी ‘झाकणे’ आणि ‘लपवणे’ हे दोन शब्द वेगळे करून पाहावेत असे आम्हांस वाटते. मराठीत ते पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांचा स्वभाव एक नाही. आई दूध झाकते, लपवत नाही. चोर माल लपवतो. झाकलेल्या वस्तूविषयी घरातल्या सर्वांना ठाऊक असते की येथे काय आहे; लपवलेल्या वस्तूची भीती ही की कोणाला कळेल. झाकण्यात जपणूक असते. लपवण्यात माणूस त्या वस्तूबरोबर स्वतःही थोडा थोडा लपत जातो. आधी पिशवी, मग पिशवीभोवतीची जखम, मग भूक, मग स्वतः.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराच्या अवयवांविषयी जे म्हटले आहे ते आपण मंडळीतील ऐक्याच्या उपदेशांत नेहमी ऐकतो. परंतु त्या दृष्टान्तातील मधला भाग आपण घाईने ओलांडतो. शरीराच्या ज्या भागांना आपण कमी मानाचे समजतो त्यांनाच आपण अधिक जपून वस्त्र नेसवतो, असा तेथे आशय आहे. म्हणजे झाकण्याचे कारण पौलाच्या दृष्टीने मान हे आहे. किळस म्हणून झाकतो असे तो म्हणत नाही. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातही छावणीच्या शौचाचा नियम आहे: छावणीबाहेर जागा असावी, हत्यारांत खणावयाचे एक साधन असावे, आणि मळ मातीने झाकावा. कारण दिले आहे ते हे की देव त्या छावणीतून चालतो. सैनिकाला मळ होतो म्हणून तो छावणीतून बाद होत नाही. त्याच्या कुदळीची तरतूद शास्त्रात केली आहे.

आणि मत्तयाचा पंधरावा अध्याय. हात न धुता जेवण्यावरून निघालेला तो वाद शब्बाथ शाळेत दरवर्षी शिकवला जातो. तोंडात जाणारे पोटात जाते आणि शौचकूपात टाकले जाते, असे प्रभू तेथे उघड बोलतो. शिक्षक मात्र एवढे वाक्य भरभर वाचून पुढे जातात, मुले हसतील म्हणून. हसू द्यावीत. प्रभूला त्या क्रियेचे नाव घेण्यात संकोच वाटला नाही. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक, आणि या अध्यायात ‘तोंड’ या अर्थी आलेला ग्रीक शब्द स्टोमा हाच आहे. माणसाला विटाळवते ते स्टोमातून बाहेर येणारे, असे म्हणताना प्रभूच्या मनात कोणते तोंड आहे ते तो लगेच सांगतो: ज्यातून अंतःकरणातले वाईट विचार आणि निंदा बाहेर पडते ते. पोटातून जे जाते त्याने कोणी विटाळत नाही. शेवटच्या बाकावर त्या बाईंच्या पोटाने आवाज केला तेव्हा पुढच्या बाकावर कोणी नाक मुरडून शेजारणीच्या कानाशी लागली असेल, तर या अध्यायाप्रमाणे अशुद्ध काय झाले ते वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, किळस ही देवाने दिलेली नैसर्गिक वृत्ती आहे. तिच्यामुळे माणूस रोगापासून वाचतो. हे खरे आहे. कॉलरा आणि विषमज्वर मळातूनच पसरतात, आणि ज्या विषमज्वराने आतडे फुटून स्टोमाची वेळ येते तोही दूषित अन्नपाण्यातूनच येतो. किळस हा दारावरचा चांगला रखवालदार आहे. पण रखवालदाराने घरातल्या माणसांचा न्यायनिवाडा करू नये. तान्ह्या मुलाचे लंगोट बदलताना आई किळस बाजूला सारते. ती नाहीशी होते असे नाही, नात्यापुढे तिचे चालत नाही. हात साबणाने धुवावे आणि मन साफ ठेवावे, यात विरोध कसला?

आपल्या मराठी मुलखात तर या प्रश्नाला आणखी एक धार आहे. विटाळ हा शब्द आपल्याकडे मळापुरता राहिला नाही, तो माणसांना चिकटवला गेला. दुसऱ्यांची घाण ज्यांना पिढ्यान् पिढ्या वाहावी लागली त्यांनाच घाण ठरवण्यात आले. संत सोयराबाईने सातशे वर्षांमागे आपल्या अभंगांत विचारले होते की देह विटाळातूनच घडतो, तर मग त्यापासून वेगळा शुद्ध कोण? डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, इतकी ती चिवट. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी हा विटाळाचा डाग अंगावर सोसला आणि तो झुगारून दिला. त्यांच्याच नातवंडांच्या मंडळीत एखाद्या भगिनीने पोटावरच्या पिशवीमुळे दाराशी बसावे, हे फार विचित्र वाटते.

स्टोमाचा इतिहास पाहिला तरी झाकण्याचीच वाट दिसते. १७९३ साली फ्रान्समध्ये ब्रेस्त येथे ड्यूरे नावाच्या सर्जनने गुदद्वार नसलेल्या तीन दिवसांच्या बालकाला असे मुख करून दिले. ते मूल वाढून पंचेचाळीस वर्षे जगले. परंतु त्यानंतर दीडशे वर्षे रोग्यांना चिंध्या, डबे आणि रबरी थैल्या यांवरच भागवावे लागले. १९५२ साली ब्रूक या इंग्रज सर्जनने लहान आतड्याचे टोक सदऱ्याची बाही दुमडावी तसे उलटे दुमडून शिवण्याची रीत प्रसिद्ध केली, त्यामुळे मळ कातडीवर न ओघळता पिशवीत पडू लागला. आज सर्वत्र वापरली जाणारी चिकटणारी पिशवी मात्र सर्जनला सुचली नाही. डेन्मार्कमधील एलिझे सॉरेन्सन या परिचारिकेच्या बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाली होती. गळती होईल या धास्तीने बहीण घराबाहेर पडेना. १९५४ साली या परिचारिकेने कातडीला चिकटेल आणि वापरून टाकून देता येईल अशा पिशवीची कल्पना काढली आणि प्लॅस्टिकचा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थाकडून ती करवून घेतली. बहिणीने बाहेर पडावे एवढ्यासाठी! त्याच सुमारास अमेरिकेत कातडीच्या रक्षणासाठी कराया डिंकाचा उपयोग सुरू झाला, आणि तो डिंक प्रामुख्याने आपल्याच देशातल्या जंगलांतील कांडोळाच्या झाडापासून मिळतो. आदिवासी बायाबापड्यांनी रानात खरवडलेला डिंक परदेशी रोग्याच्या पोटाची आग शमवीत होता, आणि आपल्याकडे मात्र कित्येक रोगी पोटाला पॉलिथिनची पिशवी दोऱ्याने बांधत होते. काही ठिकाणी अजून बांधतात, कारण चांगल्या पिशव्या महिनोन् महिने विकत घेणे सर्वांना परवडत नाही. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रोग्यांसाठी दीर्घकाळ काम करीत आली आहे, परंतु पेडण्याच्या खेड्यातल्या माणसाला मुंबई लांब. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत याचे नाव नाही.

एक इशारा येथेच द्यावासा वाटतो. लपवू नये म्हणजे उघडे करावे असा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेच्या विनंत्या सांगण्याची चांगली चाल आहे. पण त्या निमित्ताने अमक्याच्या पोटाला पिशवी लावली आहे हे भर उपासनेत जाहीर होते, आणि बिचाऱ्याला पुढच्या रविवारी सर्वांच्या नजरा आपल्या सदऱ्याच्या खालच्या गुंडीकडे लागलेल्या दिसतात. ज्याचे शरीर त्याचे सांगणे. मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्रीने आपली सारी हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. शिष्यांनी ती लोकांत पसरवली नाही. चार जणांना माहीत असावे, त्यांनी मदत करावी आणि बाकीच्यांनी विचारू नये, याला झाकणे म्हणतात.

राहिला प्रश्न पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा. ‘दोन-तीन महिन्यांनी या, बंद करू’ असे पुष्कळांना सांगितलेले असते. कोणाचा रोगच असा असतो की ते शक्य होत नाही, आणि त्यांनी आयुष्यभर पिशवीसह जगावयाचे असते. तसे हजारो लोक कामधंदा, प्रवास, संसार सारे करून जगतात. पण ज्यांचे बंद होऊ शकते असेही कित्येक परत जात नाहीत. एकदा मरणाच्या दारातून आलो, पुन्हा टेबलावर जाणे नको, ही भीती असते. बुडणारी मजुरी असते, शेताचे दिवस असतात, बांबोळीपर्यंतची खेप असते आणि सोबत यावयास माणूस नसते. या निर्णयात कोणी त्याच्यावर दडपण आणू नये. नको म्हणण्याचा त्याला हक्क आहे, पहिल्या रात्री तो मिळाला नव्हता म्हणून तर अधिकच. मात्र तो नको म्हणतो ते समजून म्हणतो, की सोबतीला कोणी नाही म्हणून म्हणतो, एवढे शोधणे आपल्या हातात आहे. तपासणीच्या दिवशी पहाटेच्या बसने त्याच्याबरोबर जावयास एक माणूस मिळाला तर पुष्कळदा उत्तर बदलते. मंडळीच्या तरुण संघाला असे काम सांगून पाहावे.

आणि एक लहानसे काम बांधकाम समितीचे. आपल्या बहुतेक मंदिरांच्या आवारातील शौचालयात आतून कडी नीट लागत नाही, पिशवी किंवा सदरा अडकवावयास खुंटी नसते, पाण्याचा नळ बाहेर असतो आणि झाकणाची बादली तर कोठेच नसते. पिशवी रिकामी करावयास किंवा बदलावयास या चारच गोष्टी लागतात. घरी ज्याला त्या मिळतात तो उपासना दीड तासाची असली तरी घरीच राहतो. वार्षिक सभेत आपण ध्वनिक्षेपकासाठी वर्गणी काढतो. त्याच सभेत कडी, खुंटी, नळ आणि बादली यांचा ठराव दहा मिनिटांत होण्याजोगा आहे, आणि तो कोणासाठी केला हे इतिवृत्तात लिहिण्याचे कारण नाही.